व्हिट्रुव्हियसोक्त कोळशाची जमीन

जमिनीवर बसून अगर उभें राहून दिवसभर हातानें काम करणाऱ्या माणसास थंडी व ओल हीं प्रथम खालून लागतात. सोनार, विणकर, पुस्तकें बांधणारा, नकला करणारा लेखनिक या सर्वांचा अनुभव या बाबतींत एकच आहे. असें असतांहि वास्तुविषयक ग्रंथांतून छपराविषयीं, द्वारांविषयीं व भिंतींच्या मापांविषयीं जितकें लिहिलेलें आढळतें, त्याच्या दशांशहि जमिनीविषयीं आढळत नाहीं. आपल्याकडील पोथ्यांच्या समाप्तिलेखांत लेखक पाठ, कंबर व मान मोडल्याचें गाऱ्हाणें सांगतो, पण पायाखालच्या गारठ्याचें सांगत नाहीं. याचें श्रेय बव्हंशीं आपल्या हवामानास द्यावें लागेल. उलट नॉर्मंडी प्रांतांत सेंट एव्हरूल येथील मठांत बाराव्या शतकांत बसून इतिहास लिहिणारा ऑर्डेरिक व्हिटालिस हा आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागाच्या अखेरीस स्पष्ट कळवितो कीं, हिवाळ्यानें आपण गारठलों असून वसंत येईपर्यंत लेखणी खालीं ठेवीत आहों. एका बहुमोल साधनग्रंथाच्या रचनेंत केवळ थंडीमुळें खंड पडावा, ही गोष्ट आमच्यासारख्या जुन्या कागदांच्या मागें लागलेल्या मंडळींनीं क्षुल्लक मानूं नये.

हा विषय आज हातीं घेण्यास आणखीहि एक कारण आहे. जुन्या वाड्यांतून ज्या खोल्यांत पोथ्या व दप्तरें आहेत, त्यांची जमीन उकरून तेथें सिमेंटचा गिलावा अगर गुळगुळीत लाद्या बसविण्याचा प्रघात हल्लीं फार वाढला आहे. जमीन स्वच्छ दिसते हें खरें. पण दोन पावसाळे उलटल्यावर भिंतींचा खालचा हातभर भाग फुगूं लागतो व फडताळाच्या तळच्या रुमालांस वास येऊं लागतो, असें आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे. ज्या ओलीस पूर्वीं सर्व जमिनींतून वर येऊन हवेंत विरून जाण्यास वाट होती, तिला आतां भिंतीवांचून दुसरी वाट उरलेली नसते. तेव्हां थोडक्या खर्चांत जमीन कोरडी व उबदार कशी राखावी याचा विचार जुन्यांनीं कसा केला होता हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं. या कामाचा आमच्या वाचनांतील सर्वांत जुना सविस्तर विधि लॅटिन भाषेंत आहे. त्याचा आशय, त्याची ग्रंथपरंपरेंत झालेली झीज व त्याची उपपत्ति, हे या लेखाचे विषय होत.

विधि सांगणारा ग्रंथकार व्हिट्रुव्हियस हा होय. यानें आपला दहा भागांचा वास्तुग्रंथ इ. स. पूर्वीं पहिल्या शतकाच्या अखेरच्या पादांत रोमचा सम्राट ऑगस्टस यास अर्पण केला. रोमन काळांतील वास्तुविद्येवरचा एवढा एकच मोठा ग्रंथ आपल्यापर्यंत पोंचला आहे. त्याच्या उपलब्ध प्रतींपैकीं सर्वांत जुन्यांत गणली जाणारी प्रत लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत हार्ली संग्रहांत २७६७ या क्रमांकानें ठेवलेली असून ती इ. स. ८०० च्या सुमाराची मानतात. १४१६ त पोज्जो ब्राच्चोलिनी यास सेंट गॉलच्या मठांत या ग्रंथाची एक प्रत मिळाली व त्यानंतर विद्वानांत त्याचा बोलबाला झाला. मात्र तत्पूर्वीं ग्रंथ अगदींच लुप्त होता असें जें कधीं कधीं लिहिण्यांत येतें, तें मध्ययुगांतील इतक्या प्रती डोळ्यांसमोर असतां मान्य करतां येत नाहीं. सुमारें १४८६ त तो रोम येथें प्रथम छापला गेला व १५११ त फ्रा जोकोंदो यानें व्हेनिस येथें त्याची सचित्र आवृत्ति काढली.

सातव्या भागांत इमारतीच्या शेवटच्या हाताचें, म्हणजे जमिनी, गिलावे, रंग यांचें विवेचन आहे. त्यांतील चौथा अध्याय ओलसर जागीं गिलावा कसा करावा याचा असून त्याच्या शेवटीं आपला विधि येतो. प्रकरण हिवाळी भोजनशाळेचें आहे. तेथें चुलीचा धूर व दिव्यांची काजळी असते, म्हणून नाजूक चित्रकाम करूं नये. भिंती काळ्या रंगाच्या घोटीव कराव्या, असें सांगून ग्रंथकार म्हणतो कीं, अशा शाळांची जमीन करण्याची ग्रीक लोकांची एक रीत आहे व ती मुळींच खर्चाची नसून उपयोगी आहे. पुढें कृति येते, ती अशी : भोजनशाळेच्या नियोजित पातळीपासून सुमारें दोन फूट खोल खणावें. तळ धुमसानें ठोकून घट्ट करावा. त्यावर दगडविटांच्या तुकड्यांची चुनेखडी अगर कुटलेल्या कौलांच्या चुन्याचा थर द्यावा व त्यास असा उतार ठेवावा कीं, त्याचीं तोंडें एका नालींत उघडतील. मग त्यावर कोळसा ओतून तो दाट तुडवावा. त्याच्या वर जाड वाळू, चुना व राख यांचें मिश्रण अर्धा फूट जाडीचें घालावें. पृष्ठभाग ओळंब्यांत व पातळींत आणून दगडानें घासला म्हणजे तो काळ्या फरसबंदीसारखा दिसतो. मेजवानींत पेल्यांतून जें सांडतें अगर तोंडांतून जें टाकलें जातें तें पडतांच सुकून जातें, आणि तेथें वावरणारे सेवक अनवाणी असले तरी अशा जमिनीपासून त्यांस थंडी बाधत नाहीं.

हें शेवटचें वाक्य आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. रोमन व ग्रीक रिवाजाप्रमाणें जेवणारे मंचकांवर आडवे होऊन जेवीत. त्यांचे पाय जमिनीस लागत नसत. जमिनीची थंडी लागावयाची ती वाढप्यांस. अर्थात् भोजनशाळा ही यजमानांची भोजनशाळा असली तरी सेवकांचा तो कारखानाच होता, आणि व्हिट्रुव्हियसनें येथें नकळत एका कामाच्या जागेच्या जमिनीचें वर्णन केलें आहे. प्लिनी ज्या प्रसंगीं जमिनींच्या प्रकारांचें वर्णन करतो तेथेंच पर्गामम येथील सोसस नामक कारागिराच्या एका प्रसिद्ध जमिनीचा उल्लेख आहे. तींत जेवणानंतर खालीं पडलेलीं उष्टीं खरकटीं रंगीत तुकड्यांनीं अशीं रेखाटलीं होतीं कीं, जणूं झाडण्याचें राहून गेलें आहे. श्रीमंतांच्या जमिनी डोळ्यांसाठीं असत. त्यांच्या शेजारीं ही काळी जमीन अगदींच साधी दिसली असेल, पण पायांचा विचार केला गेला तो हिच्यांत.

आतां कांहीं शब्द. जमिनीस लॅटिनमध्यें जो शब्द आहे तो पाविमेंतुम. हा ठोकणें, चोपणें या अर्थाच्या पाविरे या धातूपासून निघाला आहे. संस्कृतांत याच अर्थाचा शब्द कुट्टिम. तोहि कुट्ट् म्हणजे कुटणें या धातूपासून साधला जातो, व अमरकोशकार त्याचा अर्थ बांधून पक्की केलेली भूमि असाच देतो. दोन दूरच्या भाषांनीं जमिनीस तिच्या द्रव्यावरून नव्हे, तर तिजवर पडलेल्या धुमसाच्या व चोपण्याच्या घावांवरून नांव दिलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ज्यांनीं कोबा घालतांना बायांच्या रांगा चोपणीं घेऊन बसलेल्या पाहिल्या आहेत, त्यांस याचें स्पष्टीकरण नको. कुटलेल्या कौलांच्या चुन्याचा जो थर वर सांगितला त्यास व्हिट्रुव्हियस तेस्ताकेउम म्हणतो. हा म्हणजे आपला चुना-सुरखीच होय. भाजलेल्या मातीची पूड चुन्यांत मिसळली असतां चुना ओल्या जागींहि धरतो, हें दोन्हीकडच्या गवंड्यांस ठाऊक होतें. याच अध्यायाच्या आरंभीं तो असेंहि सांगतो कीं, तळमजल्याच्या खोल्यांतून जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत गिलाव्यांत वाळूऐवजीं ही सुरखी वापरावी, म्हणजे ओलीनें गिलावा सुटणार नाहीं.

या विधीचा हेतु ओल निवारणें हा कीं थंडी निवारणें हा, असा प्रश्न साहजिक उत्पन्न होतो. अध्याय ओलीचा आहे, आणि उतार व नाली हीं पाण्यासाठींच असणार. उलट प्रसंग हिवाळ्याचा आहे व फलश्रुति अनवाणी पायांची आहे. आमच्या मतें हा वाद शब्दांचा आहे. ओलें द्रव्य कोरड्यापेक्षां उष्णता लवकर वाहून नेतें, आणि पृष्ठभागावरची ओल वाळतांना आपणांबरोबर उष्णता घेऊन जाते. यामुळें ओली जमीन ही थंड जमीन असतेच. ज्यास उबदार जमीन हवी त्यास ती आधीं कोरडी करावी लागते. नालीपुरतें बोलावयाचें तर ती मुख्यतः वरून मुरणाऱ्या पाण्यासाठीं असावी. सुरखीचा थर खालची ओल अडवितो. तोच थर उतरता असल्यामुळें वरून कोळशांत उतरलेलें सांडपाणीहि साचून न राहतां निघून जातें. एका थराकडून दोन कामें करून घेतलीं आहेत.

पण हा हेतु पुढच्या ग्रंथकारांनीं कसा वागविला तें पाहण्यासारखें आहे. इ. स. ७९ त व्हेसुव्हियसच्या उद्रेकाच्या वेळीं मरण पावलेला प्लिनी आपल्या सृष्टिवर्णनाच्या छत्तिसाव्या भागांत हीच जमीन सांगतो. आपल्या आधारग्रंथांच्या यादींत तो व्हिट्रुव्हियसचें नांव देतो, व शब्द इतके जुळतात कीं उतारा कोठून आला याविषयीं शंका राहत नाहीं. ठोकलेला तळ, खडीचा अगर सुरखीचा थर, दाट तुडविलेला कोळसा, वाळू, चुना व राख यांचें अर्ध्या फुटाचें मिश्रण, हें सर्व त्यांत आहे. नाहीं तें हें : दोन फुटांची खोली नाहीं, उतार नाहीं, नाली नाहीं, सांडलेलें सुकतें हें नाहीं, आणि अनवाणी सेवक तर नाहींतच. भर एकच पडली आहे. घासलें नाहीं तर ही जमीन साध्या मातीसारखी दिसते व घासली तर काळ्या फरशीचें काम देते, असें तो म्हणतो. म्हणजे वर दिसतें तें राहिलें व खालीं जें काम करतें तें गेलें. केवळ प्लिनीवरून जो ही जमीन करील तो खोल खणणार नाहीं व पाण्यास वाट ठेवणार नाहीं. त्याचा कोळसा एखाद्या पावसाळी मुलखांत ओल्या बोळ्यासारखा पाणी धरून बसेल, आणि दोष मात्र ग्रीकांच्या पदरीं जाईल.

शेतीवर महिनावार ग्रंथ लिहिणारा पॅलेडियस हा पुष्कळ मागाहूनचा. युरोपांत मध्ययुगीं त्याच्या ग्रंथाच्या नकला फार झाल्या, व पंधराव्या शतकांत त्याचें इंग्रजी पद्य भाषांतरहि झालें. तो या जमिनीचा संक्षेप पहिल्याच भागांत देतो. त्यानें अनवाणी सेवक राखले आहेत, सांडलेलें द्रव्य शोषलें जातें हेंहि राखलें आहे. परंतु कोळसा, वाळू, राख व चुना हीं सर्व एकाच वाक्यांत अशीं गुंफलीं गेलीं आहेत कीं, कोळशाचा थर निराळा कीं तो वरच्या मिश्रणाचाच एक घटक, हें चटकन् उमगूं नये. एकानें कृति ठेवून कारण टाकलें, दुसऱ्यानें कारण ठेवून कृति विसकटली. ज्यांनीं आपल्याकडील वैद्यकाच्या अगर शाई करण्याच्या पाठांच्या चार-सहा प्रती ताडून पाहिल्या आहेत त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. अशा पाठांत नकलणारा पहिल्यानें गाळतो तें प्रमाण व त्याच्या मागोमाग गाळतो तें कारण.

विधीची उपपत्ति आजच्या ज्ञानानें सहज देतां येते. एकाच खोलींतील लोखंडाची कांब व लाकडाची दांडी सारख्याच उष्णतेच्या असतांहि हातास लोखंड गार लागतें, कारण तें हाताची उष्णता झपाट्यानें ओढून घेतें. जमिनीचेंहि तसेंच आहे. आपला काळा दगड उष्णता जितक्या वेगानें वाहून नेतो त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास वेगानें कोरडा कोळशाचा भुगा ती नेतो; कारण कोळशाच्या अंगांत व दोन तुकड्यांच्या मधें स्थिर हवा कोंडलेली असते. शिवाय खालची ओल बारीक छिद्रांतूनच वर चढूं शकते; मोठ्या फटींतून तिला चढतां येत नाहीं. कोळशाचे तुकडे जाड असतील तर ही वाट तुटते, त्याचें पीठ झालें असेल तर तुटत नाहीं. दाट तुडवावा असें व्हिट्रुव्हियस म्हणतो तें वरचा भार पेलण्यासाठीं. पण तुडवितांना कांहीं कोळशाचा चुरा होणारच, म्हणूनच खालीं सुरखी, उतार व नाली अवश्य ठरतात. पायास प्रत्यक्ष लागतो तो मात्र वरचा अर्ध्या फुटाचा थर. तो नुसत्या वाळूचुन्याचा न करतां त्यांत राख घातल्यामुळें हलका व सच्छिद्र होतो. तो पायाची उष्णता हळू घेतो व खालचा कोळसा ती भूमींत जाऊं देत नाहीं. दोघांपैकीं एकानेंच भागलें नसतें.

आतां खर्चाचा प्रश्न. रोमन फूट हा आजच्या मानानें सुमारें २९.६ सेंटिमीटरांचा, म्हणजे आपल्या फुटाहून कांहींसा लहान. बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलींत दोन रोमन फूट खणावयाचें तर सुमारें २३३ घनफूट माती काढावी लागेल. वरच्या मिश्रणास ५८ घनफूट जागा लागते. खालच्या दोन थरांचीं मापें ग्रंथांत वेगवेगळीं दिलेलीं नाहींत; खडीचा थर अर्धा फूट धरला तर कोळशास एक फूट, म्हणजे सुमारें ११७ घनफूट उरतात. इतका कोळसा सैल भरला तरी पाऊण टनाच्या आसपास भरेल, व तुडविल्यावर अधिकच लागेल. बाजारांतून विकत आणावयाचा तर ही जमीन स्वस्त म्हणवत नाहीं. मग मुळींच खर्चाची नाहीं असें ग्रंथकार कोणत्या आधारानें म्हणतो?

आमचें अनुमान असें आहे. कोळसा, राख व चुना हीं तिन्हीं द्रव्यें एकाच ठिकाणीं, म्हणजे चुन्याच्या भट्टीवर मिळतात. रोमन भट्टीचें वर्णन व्हिट्रुव्हियसच्या शतकभर आधीं होऊन गेलेल्या केटोच्या शेतीवरील ग्रंथांत आलें आहे. ती लाकडानें पेटवीत. आपल्याकडील जुन्या भट्ट्यांतून चुनखडीचे व कोळशाचे थर आळीपाळीनें लावीत. कोणत्याहि पद्धतीनें भट्टी फोडल्यावर चुन्याबरोबर राखेचा ढीग व न जळलेला कोळसा उरतो, व त्यास फारसें गिऱ्हाईक नसतें. लोहाराच्या भात्यापाशींहि हाच माल सांचतो. ज्यानें इमारतीसाठीं चुना भाजविला त्यास हीं द्रव्यें जवळजवळ फुकट पडतात. खर्च तो खणण्याचा व तुडविण्याचा. कौलांचे तुकडे, फुटक्या विटा हीं तर प्रत्येक बांधकामावरचीं टाकाऊच. म्हणजे या जमिनींत जें जें पडतें तें सर्व दुसऱ्या कामाचें उरलेलें आहे. वाळू तेवढी आणावी लागे.

वाऱ्याचा विचार याच अध्यायांत आहे, पण तो जमिनीच्या नव्हे, भिंतीच्या संबंधांत. भिंतीस सतत ओल येत असेल तर तिच्या आंतल्या बाजूस थोडें अंतर सोडून दुसरी पातळ भिंत उभारावी, मधल्या पोकळींत जमिनीच्या पातळीखालीं एक नाली ठेवून तिचें तोंड बाहेर उघडें करावें, व वरच्या अंगासहि हवेस वाट ठेवावी, असें व्हिट्रुव्हियस सांगतो. वारा घरांत नको, पण भिंतीच्या पोटांत हवा, हा भेद त्यानें बरोबर ओळखला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणांत सन्निधात्याच्या प्रकरणीं कोशगृहाचें जें वर्णन आहे त्याची येथें आठवण होते. म्हैसूर येथें १९०५ च्या सुमारास हातीं आलेल्या हस्तलिखितावरून शामशास्त्री यांनीं १९०९ त तो ग्रंथ छापून काढला, हें वाचकांस विदितच आहे. तेथें खणावयाच्या चौरस खड्ड्यास अनुदकोपस्नेह, म्हणजे पाण्याचा पाझर न लागणारा, असें विशेषण लाविलें आहे. बाजू व तळ रुंद शिळांनीं बांधून आंत कठीण लांकडाचा पिंजरा करावयाचा आहे. दगडाच्या कवचांत लांकडाचें दुसरें कवच, असें हें दुहेरी बांधकाम आहे. उद्देश चोरांपासून रक्षण हा असेलच, पण ओलीचें विशेषण पहिल्यानें यावें हें अर्थपूर्ण आहे.

कोळशाविषयीं मात्र आपल्या शास्त्रकारांची दृष्टि अगदीं निराळी दिसते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येच्या अध्यायांत, व मागाहूनच्या वास्तुग्रंथांतूनहि, भूमींत सांपडणारीं जीं शल्यें सांगितलीं आहेत त्यांत हाडें, केस यांच्या जोडीला अंगार व भस्म हींहि आहेत. तीं काढून टाकल्यावांचून घर बांधूं नये असा दंडक आहे. म्हणजे जें द्रव्य ग्रीकांनीं मुद्दाम जमिनीखालीं पुरलें तेंच आम्हीं शोधून काढून फेंकलें. यावरून आमच्या पूर्वजांस कोळशाचा गुण ठाऊक नव्हता असें कोणी म्हणेल तर तें घाईचें होईल. शल्य म्हणजे पूर्वींच्या वस्तीचें, चुलीचें अगर चितेचें राहिलेलें अवशिष्ट. अशी भूमि भुसभुशीत असून तिजवर भिंतीचा पाया खचतो, हें शास्त्राज्ञेमागील व्यावहारिक कारण असूं शकेल. भिंतीच्या पायाखालीं कोळसा असणें आणि खोलीच्या मधल्या जमिनीखालीं तो असणें यांत गवंड्याच्या दृष्टीनें पुष्कळ अंतर आहे. तथापि हेंहि खरें कीं, एकदां अशुभ ठरलेलें द्रव्य शुभ कामीं कोणी वापरीत नाहीं, व त्यामुळें ही युक्ति आपल्याकडे रुजण्यास अडचण पडली असावी.

पौरस्त्य देशांत ती मुळींच नव्हती असें मात्र नाहीं. कोरिया देशांत हेइन्सा नामक बौद्ध विहारांत त्रिपिटकाचे ऐंशीं हजारांहून अधिक लांकडी ठसे आहेत. ते तेराव्या शतकांत, १२३७ ते १२४८ या काळांत कोरले गेले, १३९८ त या विहारांत आणले गेले, व पंधराव्या शतकांत बांधलेल्या लांब कोठारांतून आजतागायत मांडलेले आहेत. त्या कोठारांची जमीन कोळसा, मीठ, चुना, वाळू व माती यांची केलेली असून समोरच्या व मागच्या भिंतींच्या खिडक्या वर व खालीं वेगवेगळ्या मापांच्या ठेविल्या आहेत, त्यायोगें वारा ठशांच्या मधून खेळतो पण एकाच जागीं झोंबत नाहीं. १९७० त या ठशांसाठीं आधुनिक यंत्रसामग्रीचें नवें कोठार बांधण्यांत आलें. परंतु प्रयोगादाखल तेथें हलविलेल्या ठशांवर बुरशी आलेली पाहून तो बेत सोडून देण्यांत आला, व ठसे जुन्याच जमिनीवर राहिले. १९९५ त युनेस्कोनें या कोठारांस जागतिक वारशांत स्थान दिलें. जपानांत नारा येथील शोसोइन या आठव्या शतकांतील कोठारानें दुसरा मार्ग स्वीकारला. तेथें सर्व इमारतच जाड खांबांवर माणसाहून उंच उचललेली आहे. तो मार्ग उत्तम खरा, पण लांकूड ज्याच्या घरचें त्यालाच परवडणारा.

आपल्याकडील वाड्यांतून माडीवरच्या जमिनीचा प्रश्न जुन्यांनीं फार साधेपणानें सोडविला होता. कडीपाटाच्या फळ्यांवर मातीचा जाड थर ठोकून त्यावर सारवण अगर चुना देत. फळ्यांच्या फटींतून येणारा वारा मातीनें थांबे, व तीच माती उष्णतेसहि अडवी. हल्लीं वजन कमी करण्याच्या नांवाखालीं ती माती काढून टाकतात आणि मग माडी गार लागते व आवाज फार होतो म्हणून तक्रार करतात. ज्या खोल्यांत जमिनीलगत फळ्या घातल्या आहेत तेथें एक गोष्ट संभाळावी : फळ्यांमधील फटी काथ्यानें, चिंध्यांनीं, वाटेल त्यानें बुजवाव्या, पण फळ्यांखालच्या पोकळीस बाहेरच्या भिंतींतून ज्या जाळ्या ठेविलेल्या असतात त्या कधींहि बुजवूं नयेत. त्या बुजविल्या कीं खालच्या तुळया कुजूं लागतात. दारापुरतें पाहतां आपला उंच उंबरठा हा खालून येणाऱ्या वाऱ्यास पुरेसा असतो. तो तासून सपाट करण्याचें कारण आम्हांस आजवर समजलेलें नाहीं.

पोथ्यांच्या खोलीची अगर बांधणीच्या कारखान्याची जमीन ज्यांस नव्यानें करावयाची असेल त्यांनीं दोन फूट खणण्याची आपल्या हवेंत गरज नाहीं. हात-दीड हात पुरें, आणि जुन्या भिंतीच्या पायालगत तर त्याहूनहि कमी, नाहींतर पाया उघडा पडावयाचा. तळास उतार द्यावा व तो पावसाचें पाणी ज्या अंगानें उतरतें त्या अंगास नसावा. त्यावर चुना-सुरखीचा पातळ थर, त्यावर जाड कोळसा, आणि कोळसा परवडत नसेल तर चाळून बारीक भाग काढलेली विटांची खडी. वर चुना, वाळू व राख यांचा कोबा चांगला चोपून घ्यावा. त्यावर सिमेंट, तेलाचा रंग अगर मेणकापड असें कांहींहि पसरूं नये. नवा कोबा पुरता वाळण्यास महिनेच्या महिने लागतात. तोंपर्यंत पोथ्या त्या खोलींत आणूं नयेत. फडताळें भिंतीपासून वीतभर पुढें व जमिनीपासून तितकींच वर ठेवावीं. कोळसा भट्टीवरून अगर लोहाराकडून आणला तर तो आधीं चाळून घ्यावा लागेल. चाळणीखालीं उतरलेली बारीक पूड फेंकून न देतां राखेबरोबर थोडीशी वरच्या मिश्रणांत घातली, म्हणजे पृष्ठभाग घासल्यावर व्हिट्रुव्हियसनें सांगितलेला काळा रंग त्यास येतो.